बारा वर्षं न उपसलेला सेप्टिक टँक, फ्लश केला की नहाणीत बुडबुडे. आधी काय बघू?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी, जुनं घर घेऊन आम्हाला आता दीड वर्ष होईल. इथे ड्रेनेज लाईन नाही, मागे सेप्टिक टँक आहे आणि त्याच्या पलीकडे शोषखड्डा. आधीच्या मालकांनी "ते तिकडे आहे बघा" म्हणून लांबूनच हात केला होता तेवढीच माहिती. टँक शेवटचा कधी उपसला विचारलं तर म्हणाले बारा वर्षांत झाकण उघडायची वेळ आली नाही, आणि हे असं सांगितलं की जणू घराची किंमत त्यामुळे वाढली पाहिजे.
तर आता तीन आठवडे झाले, वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून बुडबुड बुडबुड आवाज येतो. वॉशिंग मशीन पाणी सोडतं तेव्हा तर त्याच जाळीतून काळपट पाणी वर येतं, दोन मिनिटं थांबतं आणि परत खाली जातं. सकाळी उठल्यावर वास असतो, दुपारी कमी होतो. घरात आम्ही ५ जण. एकाला बोलावलं त्याने झाकण न उघडताच "टँक फुल झालाय" म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला पावडर टाका बॅक्टेरियाची, आठ दिवसात क्लिअर. मला दोघांचंही पटलं नाही पण माझं स्वतःचं ज्ञान शून्य. उपसायची गाडी लगेच बोलावू का आधी काही बघायचं असतं?

गवंडीबुवा
ताई गाडी बोलवावीच लागणार पण दोन दिवस थांबा, आधी नीट बघू. पहिली गोष्ट, "टँक फुल झालाय" या वाक्याला काही अर्थ नाही. सेप्टिक टँक कायम फुलच असतो, तो तसाच चालतो. घरातून एक बादली आत गेली की दुसऱ्या टोकाने एक बादली शोषखड्ड्याकडे जाते. आत तीन थर असतात, जड ते तळाला बसतं तो गाळ, तेलकट आणि हलकं ते वर तरंगून साय धरते, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळलेलं पाणी बाहेर जातं. गाळ बिनहवेचे जंतू कुजवत राहतात म्हणून तो हळू वाढतो, पण वाढतो. म्हणजे विचारायचा प्रश्न टँक भरला का हा नाही, गाळ किती आणि पाण्याची पातळी कुठे हा आहे.
आता तुमच्याकडे सगळ्यात खालच्या जाळीतून पाणी वर येतंय आणि वरच्या फ्लशने बुडबुडे येतायत, म्हणजे दोष एका संडासाचा नाही, पुढे मेन लाईनमध्ये किंवा टँकमध्ये किंवा त्याच्याही पुढे. एकच बेसिन तुंबलं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा झाकण उघडा (कसं उघडायचं ते खाली कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन, घाई करू नका) आणि पाणी बाहेर जायच्या पाईपच्या मानाने कुठे आहे ते सांगा. पाईपच्या तळाला टेकून असेल तर टँक नॉर्मल आणि चोकअप घर ते टँक या लाईनमध्ये. पाईपच्या वर चढलं असेल तर पुढे जायला जागा नाही, शोषखड्डा नाहीतर आऊटलेट. पाईपच्या बरंच खाली असेल तर टँकला तडा आहे, तो वेगळा ताप.
आणखी एक. घरात कुठला फ्लश गळतोय का? कान लावून बघा.

सुखी_माणूस
एवढं काय डोकं लावताय, आम्ही दर महिन्याला बॅक्टेरियाचं पाकीट कमोडमध्ये ओततो, सहा वर्षं झाली, काही त्रास नाही. उपसायची गरजच पडत नाही असं पाकिटावर लिहिलेलं असतं. झाकणबिकण उघडून घाण कशाला बघायची.

जुनी_फाईल
@सुखी_माणूस भाऊ, सहा वर्षं त्रास नाही हे या ताईंच्या घरमालकासारखंच झालं, त्यांना तर बारा वर्षं नव्हता 😄
जंतू पाकिटातून आणायची गरज नसते हो, रोज संडासातून जातात ते काय कमी असतात? टँक नवा असला तरी थोड्या दिवसात आपोआप चालू होतो. पावडरीने वाळू, केस, कपड्यांचा तंतू, न कुजणारा भाग कुठे गायब होणार? आणि काही पातळ केमिकलवाली औषधं गाळ आणि तेलकट साय फोडून पाण्यात मिसळवतात, मग टँक रिकामा झाल्यासारखा वाटतो पण तेच सगळं शोषखड्ड्यात जाऊन बसतं. टँक उपसता येतो, शोषखड्ड्याची माती उपसता येत नाही.
गंमत म्हणून सांगतो, "उपसायची गरज नाही" ही जाहिरात नवीन नाही. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थाने १८८१ मध्ये अशा बंद टाकीचं पेटंट घेतलं तेव्हाही हाच दावा होता, की आत गेलेलं सगळं आपोआप पाणी होऊन बाहेर पडतं. पुढे इंग्लंडात एक्सेटरला कॅमेरनने १८९५ च्या सुमारास मोठी टाकी बांधली आणि सेप्टिक टँक हे नाव रूढ झालं. तेव्हापासून लोक तो दावा विकतायत आणि गाळ आपला तळाला बसतोच आहे.

सुखी_माणूस
बरं बाबा. मग घालू नको का पाकीट? नुकसान तर नाही ना?

जुनी_फाईल
नुसत्या जंतूंच्या पावडरीने नुकसान नाही, पण त्यावर विसंबून उपसायचं टाळाल तर आहे. सरळ दर ३ ते ५ वर्षांनी गाळ मोजा आणि उपसा, लहान टँक आणि जास्त माणसं असतील तर त्याच्याही आधी.

सावध_पाऊल
मी इथे एरवी फक्त वाचतो पण झाकण उघडण्याचा विषय निघाला म्हणून लिहितोय, हे कृपया पूर्ण वाचा.
टँकमध्ये कोणीही उतरायचं नाही. पाच मिनिटांसाठी नाही, पडलेली वस्तू काढायला नाही, "तोंडाला रुमाल बांधून" नाही, रिकामा झाल्यावर पण नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो, आणि तो जास्त झाला की नाक बधिर होतं, म्हणजे वास यायचा बंद होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. त्यात ऑक्सिजन कमी. माणूस ओरडायच्या आधी पडतो. मग वाचवायला दुसरा उतरतो तोही पडतो, अशा घटनांमध्ये वाचवायला गेलेलेच किती जातात. रुमाल किंवा साध्या मास्कने गॅस अडत नाही. आत कोणी पडलंच तर बाहेरूनच मदत बोलवायची, कितीही जवळचा माणूस असला तरी.
उघडताना दोघं असावेत, सिगरेट काडेपेटी जवळ नको कारण मिथेनही असतो, झाकण उघडून लांब उभं राहा, वाऱ्याची दिशा पाठीकडून घ्या, आणि तोंड आत घालून वाकून बघू नका, बॅटरीचा उजेड बाजूने मारा. झाकण उघडं ठेवून चहा प्यायला आत गेलात असं होऊ देऊ नका, लहान मूल घरात असेल तर अजिबातच नाही. आणि झाकणाचं सिमेंट फुटलेलं, लोखंड गंजलेलं असेल तर त्यावर उभं राहू नका, बारा वर्षांचं झाकण आहे.

खिडकीपाशी
बापरे, हे वाचून आधी घाबरले पण बरं झालं लिहिलंत. आज उघडलं. झाकण शोधायलाच दोन तास गेले, लोखंडी सळई जमिनीत टोचत टोचत गेलो तेव्हा एका ठिकाणी टणक लागलं, वर हातभर माती आणि त्यावर मोगऱ्याची कुंडी. दोन झाकणं निघाली, एक घराच्या बाजूला एक पलीकडे.
पाणी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या चांगलं वीतभर वर आहे. पाईप दिसतच नव्हता, आधी वाटलं पाईपच नाही.
आणि गवंडीबुवा, तुम्ही कान लावायला सांगितलं होतं ना. कान लावून काही ऐकू आलं नाही पण फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाकला आणि कोणी फ्लश न करता अर्धा तास थांबलो, तर वरच्या कमोडमध्ये गुलाबी पाणी! मग रात्री सगळे झोपताना पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि सकाळी बघितला. ७ तासांत २८० लिटर. कोणी नळ उघडलेला नसताना.

गवंडीबुवा
सापडला चोर. निदान एक तरी.
हिशोब करा, ७ तासांत २८० म्हणजे तासाला ४०, दिवसाला ९६० लिटर. पाच माणसांचं रोजचं पाणी धरा माणशी १२० प्रमाणे ६००. म्हणजे तुमच्या पाच जणांपेक्षा तो एक फ्लश जास्त पाणी टँकमध्ये सोडतोय आणि तेही रात्रंदिवस. शोषखड्ड्याच्या मातीला मधेमधे सुकायला, श्वास घ्यायला वेळ लागतो, तो तिला मिळतच नाही. म्हणून सकाळी वास जास्त, रात्रभर पातळी चढलेली असते.
आणि नुकसान दुहेरी आहे. गाळ खाली बसायला पाणी टँकमध्ये निदान एक दिवस तरी शांत उभं राहावं लागतं. धारेने पाणी येत राहिलं तर न बसलेला गाळ तसाच पुढे ढकलला जातो.
आज फ्लशचा रबर वॉशर किंवा व्हॉल्व बदला, तोवर त्याचा कॉक बंद ठेवून बादलीने पाणी टाका. वॉशिंग मशीन एका दिवशी चार लोड लावत असाल तर रोज एक लावा. गाडी अजून बोलावू नका, चार दिवसांनी पातळी सांगा. (आवाज न येता गळणारे फ्लश हे माझं वैयक्तिक दुखणं आहे, माझ्या स्वतःच्या घरी वर्षभर गळत होता आणि मी दुसऱ्यांच्या घरी सल्ले देत फिरत होतो.)

दोन_बादल्या
माझा अनुभव सांगते म्हणजे गाडी बोलवाल तेव्हा उपयोगी पडेल. आमच्याकडे उपसायला आले, मोठं झाकण मातीखाली होतं ते उकरायचा कंटाळा म्हणून चार इंची तपासणी पाईपातूनच नळी घातली, दहा मिनिटांत झालं म्हणाले, आम्हीही खूश. दोन महिन्यात परत तोच प्रकार. नंतर कळलं की नळीने फक्त पाणी ओढलं होतं, गाळ होता तिथेच आणि साय खाली जाऊन त्यावर बसली. उपसताना मोठंच झाकण उघडायला लावा, दोन कप्पे असतील तर दोन्हीकडून उपसायला सांगा, मधेमधे ढवळून, आणि स्वतः तिथे उभं राहा (लांब!). तळ खरवडून धुवायची गरज नाही, थोडा गाळ उरतो तो उरू द्या.
आणि उपसल्यावर टँक परत पाण्याने भरून घ्यायचा, विशेषतः प्लास्टिक किंवा फायबरचा असेल आणि जमिनीत पाणी वर असेल तर. रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते हे मी ऐकलं तेव्हा हसले होते, मग शेजारच्यांची बघितली, होडीसारखी तिरकी. जोराचा पाऊस होऊन जमीन तुडुंब असेल तेव्हा उपसायचंच नाही.

खिडकीपाशी
चार दिवस झाले. वॉशर बदलला, बुडबुडे थांबले!! वासही नाही. पातळी उतरून पाईपच्या तळाला आली आहे, आज पाईप दिसला. आता घरच्यांचं म्हणणं की झालं ना बरं, मग कशाला उपसायचं. खरं सांगायचं तर मलाही तोच मोह होतोय.

जुनी_फाईल
मोह आवरा आणि गाळ मोजा. काठी पाहिजे टँकच्या तळापर्यंत पोचेल अशी, तिच्या खालच्या एक मीटरला पांढरा जुना टॉवेल दोरीने घट्ट गुंडाळा. हळूहळू तळापर्यंत उभी सोडा, सायीतून भोसकून नाही, थोडी बाजूला करून. पाच मिनिटं थांबा, फिरवत फिरवत बाहेर काढा. गाळ जिथपर्यंत तिथपर्यंत टॉवेल काळा आणि दाणेदार, वरचा भाग नुसता ओला. सायीसाठी दुसरी काठी, टोकाला आडवा छोटा तुकडा खिळून. सायीतून खाली घालायची, फिरवायची आणि हळू वर ओढायची, सायीच्या पोटाला अडली की खूण करा. त्याच काठीने आऊटलेटची टी (बाहेर जायच्या पाईपला टँकच्या आतून लावलेला, खाली पाण्यात बुडालेला T आकाराचा तुकडा) खालून चाचपून तिचं तोंड किती खोल आहे तेही मोजता येतं. गाळ टीच्या तोंडापासून ३० सेंटीमीटरच्या आत आला किंवा सायीचं पोट १५ च्या आत आलं तर उपसायचं, किंवा सरळ गाळ अधिक साय पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त. हातमोजे घाला, काठ्या नंतर घरात आणू नका आणि टॉवेल टाकून द्या, धुऊन वापरू नका, सांगावं लागतं काही जणांना.

खिडकीपाशी
मोजलं. पाण्याची खोली १५० सेंटीमीटर, टॉवेल ८५ पर्यंत काळा, साय १२. म्हणजे दीडशेतले ९७ तर हेच झालं, पाणी मधे फक्त ५३! मोह गेला.
पण टी काही सापडेना. आडवा तुकडा तिथे वर-खाली करून बघितला, कशालाच अडत नाही. घराकडच्या बाजूला आहे, पलीकडे नाही.

गवंडीबुवा
मग तुटून तळाशी पडली असणार. ही टी म्हणजे दिसायला साधा पाईपचा तुकडा पण सगळा टँक तिच्यावर उभा आहे. ती खाली बुडालेली असते म्हणून पाणी मधल्या थरातून उचललं जातं. टी गेली की आऊटलेट थेट सायीच्या पातळीला उघडा, वरची साय सरळ शोषखड्ड्यात. किती दिवस जात होती कोण जाणे.
उपसताना शोधायला सांगा आणि नवीन बसवून घ्या. बसवतानाही आत उतरायचं नाही, टीला वर लांब पाईप जोडून झाकणातूनच खाली सोडून आऊटलेटवर ढकलून बसवता येते. त्यातच आऊटलेट फिल्टर मिळतो तो घातला तर उत्तम, मात्र तो वर्षातून एकदा तरी काढून धुवावा लागतो आणि धुतलेलं पाणी परत टँकच्या घराकडच्या तोंडात. विसरलात तर तोच तुंबतो आणि परत इथे येऊन लिहाल बुडबुडे येतायत म्हणून.
आणि उपसताना एक बघा, टँक रिकामा होत असताना आऊटलेटमधून उलटं पाणी येतंय का.

खिडकीपाशी
काल उपसलं. दोन्ही झाकणं उघडून, मी नऊ फुटांवर खुर्ची टाकून. टी खरंच तळाशी सापडली, लांब आकड्याने वर काढली, आणि तिच्यासोबत काय काय निघालं विचारू नका, ओले वाईप्सचा एक गोळा भोपळ्याएवढा. पाकिटावर "फ्लश करता येतात" लिहिलेलं असतं, आमच्याच घरात ते मी विश्वासाने टाकत होते. नवीन टी बसली.
उलटं पाणी आलं, हो. पाच-सहा मिनिटं पातळ धार आणि मग थांबली. हे वाईट का?

गवंडीबुवा
चांगलं नाही, पण धार थांबली म्हणजे खड्डा तुडुंब नाही. मातीच्या तोंडाशी काळा चिकट थर धरतो, थोडा असलेला बराच असतो, पाणी गाळतो, पण तुमच्याकडे साय जात होती म्हणून तो जाड झालाय. ॲसिड ओतून तो जात नाही, कोणी सांगितलं तर ऐकू नका. पाणी कमी पाठवा आणि वेळ द्या, निवळलेलं पाणी जायला लागलं की बऱ्याचदा काही महिन्यांत सुधारतं. नाही सुधारलं तर दुसरा खड्डा काढून मधे वळवायचा चेंबर, म्हणजे एक चालू असताना दुसरा सुकतो. खड्ड्यावर गाडी उभी करू नका, झाड लावू नका, गवत चालेल. छपराचं पाणी त्या बाजूला उतरत असेल तर आधी वळवा.
विहीर किंवा बोअर आहे का जवळ?

खिडकीपाशी
बोअर आहे, पण दुसऱ्या अंगाला, पावलांनी मोजलं तर ३५ मीटर तरी भरेल. छपराचं पाणी मात्र बरोब्बर खड्ड्यावर उतरतंय, पन्हळीचा पाईप तिथेच सोडलाय कोणीतरी हुशाराने.

जुनी_फाईल
३५ ठीक आहे, १५ ते ३० मीटर तरी अंतर लागतंच. तरी इतके दिवस साय जात होती म्हणून बोअरचं पाणी एकदा कोलिफॉर्म (मैलापाण्यातून येणारे जंतू) आणि नायट्रेटसाठी तपासून घ्या, दिसायला स्वच्छ असलं तरी. आणि फिनेल, ब्लीच बेताने, पण उरलेलं रंगाचं थिनर, जुनी औषधं, ते संडासात नाही. तव्यावरचं तेल पुसून कचऱ्यात.

सुखी_माणूस
मी पण आज झाकण शोधायला घेतलंय. ते अंगणात ओतलेल्या काँक्रीटखाली आहे असं दिसतंय, मीच ओतलं होतं चार वर्षांपूर्वी. काही सांगू नका.

दोन_बादल्या
😂😂 ब्रेकर भाड्याने मिळतो. फोडाल तेव्हा झाकणाच्या वर नको, कडेने, नाहीतर स्लॅबसकट आत जाईल. आणि एकदा सापडलं की वर रायझर, म्हणजे तोंडाची उंची वाढवणारं कडं, चढवून झाकण जमिनीच्या पातळीला आणा, घट्ट बोल्टचं, म्हणजे पुढच्या वेळी उकरणं नाही.

खिडकीपाशी
पाण्याचा रिपोर्ट आला, स्वच्छ आहे. पन्हळीचा पाईप दुसरीकडे वळवला. घराच्या कोपऱ्यापासून दोन्ही झाकणांची अंतरं टेपने मोजून कागदावर नकाशा काढला, त्यावर उपसल्याची तारीख आणि गाळाचे आकडे लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला. पुढचं माप दोन वर्षांनी घेणार, टॉवेल आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.
सहज आधीच्या मालकांना फोन केला, टी तुटलेली होती, गाळ दोन फुटांच्या वर होता वगैरे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? आम्हाला बारा वर्षं काही त्रास झाला नाही."